आईला अमेरिका दाखवा

खेड्यातली साठी ओलांडलेली बाई आयुष्यात पहिल्यांदा परदेशी जाते ती बहुतेक वेळा बाळंतपण करायला. मुलीला किंवा सुनेला दिवस गेल्याचं फोनवर कळलं की पाठोपाठ आईच्या पासपोर्टची धावपळ सुरू होते. मुंबईला व्हिसाची मुलाखत, बोटांचे ठसे, मग डिंकाचे लाडू, बाळंतशेपा, खारीक-खोबरं, जुन्या मऊ लुगड्यांची दुपटी. बाई सहा महिने राहून येते. गावातल्या बायका विचारतात, कशी हाय अमेरिका? ती म्हणते, चांगली हाय, पर थंडी लई. विषय तिथंच संपतो, कारण पुढं सांगण्यासारखं तिच्याकडं फारसं नसतंच. अर्धं वर्ष ती अमेरिकेत होती आणि तिनं अमेरिका पाहिलेली नसते. हे मला फार खुपतं.

हा प्रवास सुरू कसा झाला ते आधी पाहू. 1983 साली वसंतदादा पाटलांच्या सरकारनं विनाअनुदानित अभियांत्रिकी महाविद्यालयांना वाट मोकळी केली. प्रवरेकाठी लोणीला, इस्लामपूरजवळ साखराळ्याला, वारणानगरला, कोपरगावला अशी उसाच्या पट्ट्यात कॉलेजं उभी राहिली. घरात ज्याच्या आधी कुणी दहावीपुढं गेलं नव्हतं असा पोरगा इंजिनिअर झाला. तिथून पुणं, पुण्याहून न्यू जर्सी, टेक्सास, कॅलिफोर्निया. त्याच्या शिक्षणासाठी कुणी म्हैस विकली, कुणी सोसायटीचं कर्ज काढलं, कुणी बांधालगतचा तुकडा गहाण टाकला. ते आईबाप आज पासष्ट-सत्तरीचे आहेत. त्यांतल्या पुष्कळांची जन्मतारीख 1 जून आहे, कारण शाळेत नाव घालताना मास्तरांनी ती लिहिली. पोरगं आखाडातलं की दिवाळीनंतरचं हे घरच्यांना सांगता यायचं, तारीख सांगता यायची नाही. आज अमेरिकेच्या व्हिसाच्या अर्जावर तीच तारीख जाते.

कागदांची पहिली झुंज नावाशी असते. आधारवर गंगूबाई, रेशनकार्डावर गंगाबाई, शाळेच्या दाखल्यावर माहेरचं गंगा आणि बापाचं नाव. सगळं एका ओळीत आणायला तालुक्याला किती हेलपाटे होतात ते ज्यांनी घातलेत त्यांना विचारा. दुसरी झुंज अंगठ्याशी. जन्मभर खुरपं धरून, भांगलून, शेणगोठा करून बोटांच्या रेषा झिजलेल्या असतात. रेशनच्या दुकानात अंगठा लागत नाही म्हणून मागं फिरलेली बाई व्हिसासाठी दहाही बोटं काचेवर ठेवते तेव्हा तिच्या पोटात गोळा येतो. एक गोष्ट मात्र चांगली आहे: मुंबईच्या अमेरिकी वकिलातीत मुलाखत मराठीत देता येते. खिडकीपलीकडचा माणूस मराठीत विचारतो, कशाला जाताय, आणि बाईच्या जिवात जीव येतो.

पुढचा पल्ला विमानतळाचा. मुंबईला मराठी पाट्या असतात, मराठी बोलणारं माणूसही भेटतं. अडतं ते विमान बदलायच्या ठिकाणी. तिथं मराठीही नाही आणि हिंदीचाही भरवसा नाही. म्हणून पोरं तिकीट काढतानाच आईसाठी चाकाची खुर्ची सांगून ठेवतात. आषाढीला पंढरपूरपर्यंत पायी जाणारी, डोक्यावर वैरणीचा भारा घेऊन ओढा ओलांडणारी धडधाकट बाई त्या खुर्चीत बसते, कारण तिला पाटी वाचता येत नाही. ढकलणारा नेईल तिकडं ती जाते. तिची पहिली परदेशवारी अशी आजाऱ्यासारखी सुरू होते, आणि ज्याचे गुडघे खरोखरच गेलेत तो खुर्चीची वाट पाहत ताटकळतो. नुसतं बरोबर चालणारं माणूस द्यायची सोय काही विमान कंपन्यांकडं असते, ती मागून घ्यावी. महाराष्ट्रातून एवढी माणसं नेणाऱ्या कंपन्यांनी वाटेतल्या मोठ्या विमानतळांवर मराठी बोलणारा एखादा मदतनीस ठेवावा, ही मागणी आपल्या लोकप्रतिनिधींनी अजून जोरानं केलेली माझ्या ऐकण्यात नाही. ती व्हायला हवी.

आता त्या सहा महिन्यांकडं येऊ. आई का लागते, तर अमेरिकेत बाळंतिणीला पगारी रजा देण्याची सक्ती करणारा, सगळ्या नोकऱ्यांना लागू असा देशव्यापी कायदा नाही. 1993 चा एक कायदा आहे, तो बारा आठवडे रजा देतो, तीही बिनपगारी आणि पन्नास किंवा जास्त माणसं कामाला असलेल्या कंपन्यांतच. न्यू जर्सी, कॅलिफोर्निया अशा काही राज्यांनी आपापली पगारी सोय केली आहे, बाकी ठिकाणी ज्याचं त्यानं निभवायचं. आपल्याकडं 2017 पासून कायद्यानं सव्वीस आठवड्यांची पगारी रजा आहे. पाळणाघराचा खर्च तिकडं घरभाड्याच्या जवळपास जातो. जगातल्या सगळ्यांत श्रीमंत देशाच्या कायद्यात जी पोकळी राहिली आहे, ती सांगोल्याची, शेवगावची, वाळव्याची आई स्वतःच्या कष्टांनी भरून काढते. नातवासाठी ती हे आनंदानं करते, त्याचा तिला अभिमानही वाटतो. पण तिच्या आनंदाच्या आड आपण दडता कामा नये.

माझी एक मामी सांगोला तालुक्यातली. मुलाच्या घरी, न्यू जर्सीला, नोव्हेंबरात गेली. मामा गेले नाहीत. दावणीला जनावरं, शेतात शाळू. मामीनं आयुष्यात गावातल्या किती बाळंतिणी उठवल्या असतील त्याची गणती नाही. सुनेला न्हाऊ घातल्यावर तिनं सवयीनं तव्यावर ओवा टाकून धुरी दिली. छतावरचं धुराचं यंत्र असं केकाटलं की बाळ दचकून रडायला लागलं, सून टॉवेल हलवत धावली, शेजारचा दार वाजवायला आला. कुणी तिला रागावलं नाही. पण त्या दिवसापासून मामीनं धुरी सोडली, शेक सोडला, आणि विचारल्याशिवाय गॅस पेटवायचंही सोडलं. ज्या कामासाठी तिला बोलावलं होतं, त्या कामातलंच तिचं शहाणपण त्या घरात जोखमीचं ठरलं. हे सांगताना तिचा आवाज पडला होता.

डिसेंबरात तिकडं साडेचारच्या सुमारास दिवस मावळतो. बाहेर पडायचं तर मोटार हवी, मोटार चालवणारा ऑफिसात. वस्तीतल्या रस्त्याला कित्येक ठिकाणी पायवाटच नसते. थंडीत पाय घसरला तर काय, ही धास्ती मुलाला, कारण पाहुण्याच्या विम्यात जुनी दुखणी सहसा धरत नाहीत आणि इस्पितळाचं बिल माणसाला बुडवू शकतं. म्हणून सगळे प्रेमानंच सांगतात: आई, तू बाहेर नको जाऊस. मामी खिडकीतून बर्फ पाहायची. गावाकडं फोन करावा तर तिची दुपार म्हणजे गावाची मध्यरात्र. घरात चारचौघं असून ती दिवसभर कुणाशी बोलायची ती फक्त तान्ह्या नातवाशी.

सुटीच्या दिवशी मुलं आईला फिरवतात, नाही असं नाही. स्वातंत्र्यदेवीचा पुतळा, टाइम्स स्क्वेअर, जमलं तर नायगारा, मग देऊळ आणि भारतीय दुकानांच्या ओक ट्री रोडवर किराणा. साडीवर कोट, पायात बूट, एक फोटो. पाहू नये असं यात काहीच नाही. पण या यादीतलं एकही ठिकाण तिला विचारून ठरवलेलं नसतं. तिला काय कळणार, हे वाक्य मी शिकल्यासवरल्या, आईवर जीव टाकणाऱ्या मुलांच्या तोंडून ऐकलं आहे, आणि माझं खरं भांडण त्या वाक्याशी आहे.

तिला काय कळतं ते सांगतो. मामी एकदा मुलाबरोबर बाजारात गेली. डाळिंबांची रास होती, कॅलिफोर्नियाची. सांगोल्याच्या बाईला डाळिंब दाखवायचं म्हणजे काय! तिनं एक उचललं, तळहातावर तोललं, फुगवट्यावरून अंगठा फिरवला, नखानं टिचकी मारून कानाशी धरलं. मग किंमत विचारली. एका फळाचे तीन डॉलर. तिनं मनात हिशोब केला आणि मुलाला विचारलं, ‘‘ह्यातलं बागायतदाराला किती पडतं?’’ मुलगा पंधरा वर्षं त्या देशात राहतो, त्याला हे कधी सुचलं नव्हतं. मामीनं फळ घरी नेऊन फोडलं, दाणा चावला. म्हणाली, ‘‘रंग हाय, पर आपल्या भगव्याची गोडी न्हाई. बी टणक हाय.’’ 2025 मध्ये महाराष्ट्रातलं भगवा जातीचं डाळिंब जहाजानं अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर पोचलं. तिथल्या दुकानात त्याचा टिकाव कसा लागेल हे मामीला त्या एका फळात उमगलं होतं. निर्यातीच्या परिसंवादांत मी बरीच भाषणं ऐकली आहेत. बागायतदाराला किती पडतं, हा प्रश्न तिथं क्वचितच कुणी पहिल्यांदा विचारतो.

मार्चात उन्हं आल्यावर मुलाच्या एका मित्रानं सुचवलं म्हणून ते मामीला पेनसिल्व्हेनियातल्या लँकेस्टरला घेऊन गेले. न्यू जर्सीहून मोटारीनं दोन-अडीच तास. तिथं आमिश लोकांची शेती आहे. अठराव्या शतकात युरोपातून आलेला हा ख्रिस्ती पंथ आजही घरात तारेवरची वीज घेत नाही, मोटार बाळगत नाही, घोडागाडीनं फिरतो आणि खेचरं जुंपून नांगरट करतो. मामी मोटारीतून उतरली ती थेट बांधावर जाऊन उभी राहिली. समोर एक पोरगा पाच-सहा खेचरं जोडून नांगर हाकत होता. तिनं वाकून ढेकूळ उचललं, चुरलं, वास घेतला. ‘‘शेणखत मुरलंय ह्यात,’’ म्हणाली. दावणीच्या काळ्या-पांढऱ्या गाई पाहून तिनं ‘‘एचएफ हायती’’ म्हणून सांगितलं आणि कासेवरून दुधाचा अंदाज बांधला. रस्त्याकडेला एका घरापुढं अंडी, बटाटे, मुरंब्याच्या बरण्या मांडलेल्या, पैसे टाकायला डबा, राखणीला कुणी नाही. मामी त्या डब्यापाशी बराच वेळ उभी राहिली. अंगणात दोरीवर धुणं वाळत होतं. धुणं वाळत घालणारी बाई डोईवर टोपडं घातलेली, हिचा डोईवर पदर. दोघी एकमेकींकडं पाहून हसल्या. मामीनं दोरीला लागलेली कप्पी हातानं फिरवून पाहिली. मुलगा म्हणतो, त्या चार महिन्यांत आईला इतकं मोकळं मी पाहिलं नव्हतं.

परतीच्या वाटेवर तिनं विचारलं, ह्यांची पोरं शहरात जात नाहीत का? मुलानं फोनवर वाचून सांगितलं: बहुतेक जात नाहीत. आमिश मुलांना आठवीपर्यंतच शिकवतात. पुढं शाळेत घालण्याची सक्ती त्यांच्यावर करता येणार नाही, असा निकाल अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानं 1972 साली दिला. बहात्तर साल ऐकल्याबरोबर मामी म्हणाली, ‘‘तवा मी खडी फोडत व्हते.’’ दुष्काळी कामावर, सुकडी खाऊन. चौथीनंतर तिची शाळा सुटलेली होती. आठवीत शाळा सोडवणं बरोबर की चूक, यावर माय-लेकांचा वाद दोन दिवस चालला. मामीचं म्हणणं असं होतं: ‘‘आठवीत पोरगी घरी बसवत्यात, त्ये काय मला पटत न्हाई. पर पोरं डोळ्याम्होरं ऱ्हात्यात त्यांची.’’ हे ऐकून मुलाला पुढं काही बोलता आलं नाही. शेती, शिक्षण आणि दुरावलेली मुलं यांवर कितीतरी पुस्तकं लिहिली गेली आहेत. मामीनं तो पेच आपल्या जन्मासकट दोन वाक्यांत मांडला, कारण तिला योग्य ठिकाणी नेऊन उभं केलं गेलं.

त्याच प्रवासात मिलोचा विषय निघाला. दुष्काळात आपल्याकडं रेशनवर अमेरिकेची लाल ज्वारी यायची, तिला लोक मिलो म्हणत. भाकरी धड थापता यायची नाही, चव उग्र, तरी त्या मिलोनं घरं जगवली. ते दाणे चाळणीत घेऊन निवडणं हीच त्या पिढीतल्या कित्येक बायकांची अमेरिकेशी पहिली ओळख. मामीला ती ज्वारी कुठं पिकते ते पाहायचं होतं. मुलानं शोधलं: सगळ्यांत जास्त कॅन्ससमध्ये, आणि तिचा बराचसा वापर जनावरांच्या खाद्यासाठी आणि इथेनॉलसाठी. मामीला वाईट वाटलं का, म्हणून मी विचारलं. ती म्हणाली, ‘‘वाईट कशाचं? जनावराचं का असंना, आमच्या पोरांच्या पोटात गेलं. पर पिकवणाऱ्याला ठावं हाय का, त्याचं धान कुणी खाल्लं त्ये?’’

मराठी बाईनं अमेरिका पाहण्याची गोष्ट जुनी आहे. 1883 मध्ये आनंदीबाई जोशी जहाजानं अमेरिकेला गेल्या. त्यांच्या पदवीदान समारंभाला 1886 मध्ये पंडिता रमाबाई फिलाडेल्फियात पोचल्या, तिथं राहिल्या, हिंडल्या, आणि 1889 मध्ये ‘युनायटेड स्टेट्सची लोकस्थिती आणि प्रवासवृत्त’ हे पुस्तक त्यांनी मराठीत लिहिलं. त्या देशातल्या बायका कशा जगतात, संस्था कशा चालवतात, काळ्या लोकांना कसं वागवलं जातं, हे त्यांनी बारकाईनं नोंदवलं. त्यानंतर मराठीत प्रवासवर्णनांचा सुकाळ झाला. पण लिहिणारे बहुतेक शहरातले, शिकलेले. ज्वारी-बाजरी काढलेल्या, दुष्काळ पाहिलेल्या, फारतर चौथी शिकलेल्या बाईनं पाहिलेली अमेरिका आपल्या साहित्यात जवळजवळ नाही. अशा बायका आता गावोगाव आहेत. त्यांना लिहिता येत नसेल, सांगता तर येतं. मात्र सांगायला आधी पाहिलेलं असावं लागतं, आणि समोर विचारणारं कुणी असावं लागतं.

मुलांना दोष देऊन मी मोकळा होत नाही. त्यांच्या नोकरीची टांगती तलवार, रात्रीची जागरणं, हप्ते मला माहीत आहेत. तरीही काही गोष्टी त्यांच्या हातातल्या आहेत. आईचा मुक्काम एक-दोन महिने पुढं सरकवता येत असेल तर उन्हाळ्याचा थोडा भाग त्यात धरा. बाळाला सांभाळायला आठवड्यातला एक दिवस आपण थांबा आणि तिला मोकळी सोडा. घराचा पत्ता आणि फोन नंबर लिहिलेलं कार्ड तिच्या कमरेच्या पिशवीत द्या, कोपऱ्यावरच्या दुकानापर्यंतची वाट दोनदा बरोबर चालून दाखवा आणि तिसऱ्यांदा एकटी जाऊ द्या. आठवड्याला भरणारा शेतकरी बाजार बहुतेक गावांत असतो, तिथं तिला घेऊन जा. न्यू ब्रन्सविकला रटगर्स विद्यापीठाची शेती आणि गोठे आहेत. 1862 च्या कायद्यानं अमेरिकेत जी कृषी महाविद्यालयं वाढली त्यांतलं ते एक, आणि आपली राहुरीसारखी कृषी विद्यापीठं त्याच धर्तीवर उभी राहिली. राहुरीचं बी पेरलेल्या बाईला तिथं काय पाहायचं हे शिकवावं लागणार नाही. तिकडच्या महाराष्ट्र मंडळांनीही एवढं करावं: गणपतीत आणि संक्रांतीला या आयांना पहिल्या रांगेत बसवून त्यांचा सत्कार करण्यापेक्षा एखादी बस करून त्यांना शेतं, गोठे, शाळा दाखवाव्यात. आणि बाप मागं राहत असेल, तर सुगी उरकल्यावर महिनाभर का होईना त्यालाही बोलवावं. जनावरं सांभाळायला भावकी असते, मागितलं तर कुणी नाही म्हणत नाही.

मामीच्या मुलीला आता दिवस आहेत. तीही तिकडंच असते. बाळंतपण ऑगस्टच्या अखेरीला. मामी जाणार आहे आणि यंदा मामाही येणार आहेत, तेवढं तिनं आधी कबूल करून घेतलं. ऑक्टोबरात तिकडं ज्वारीची काढणी असते. तेव्हा आठ दिवस कॅन्ससला जायचं, शेतकऱ्याची गाठ घालून द्यायची आणि दुभाष्याचं काम मुलानं करायचं, असं ठरलं आहे. मुलानं रजेचा अर्ज दिला आहे.